गोंडी शिकायला कुठे जावं?

शिक्षिका म्हणून माझी नेमणूक गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या एका लहान गावात झाली. मी चंद्रपूर जिल्ह्यातली, ब्रह्मपुरीकडची. आमच्या घरी झाडीबोली बोलतात. त्यामुळे घरची भाषा आणि पुस्तकातली भाषा यांतलं अंतर मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण पहिलीच्या वर्गातल्या मुलांसाठी हे अंतर माझ्या अनुभवापेक्षा किती तरी मोठं होतं. माझी बोली मराठीचीच होती. त्यांच्या घरची भाषा गोंडी, म्हणजे द्रविड कुळातली, तेलुगू-तमिळच्या नात्यातली. मी "पुस्तक काढा" म्हटलं की मुलं शेजारच्याकडे बघत, तो तिसरीतल्या भावाकडे बघे आणि मग हळूहळू पिशव्या उघडत. मुलं हुशार होती. माझं बोलणंच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात, शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलं आहे. राज्यघटनेच्या 350 अ या कलमातही भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असं म्हटलं आहे. मग ही मातृभाषा शिक्षकाला कोण शिकवणार? या प्रश्नाचं उत्तर मी बरेच दिवस शोधत होते. ते शोधताना जे हाती लागलं ते लिहून ठेवावं असं वाटतं, कारण माझ्यासारखे शिक्षक, परिचारिका, वनरक्षक, ग्रामसेवक दर वर्षी गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत नव्याने येतात आणि त्यांतल्या अनेकांना मनापासून भाषा शिकायची असते.

सुरुवात मी सगळे करतात तशीच केली, वर्ग कुठे आहे ते विचारलं. भारतीय भाषा शिकवणारी मोठी सरकारी संस्था म्हणजे म्हैसूरची भारतीय भाषा संस्था. ती 1969 मध्ये सुरू झाली. तिचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात डेक्कन कॉलेजच्या आवारात आहे आणि शिक्षकांनी दुसरी भारतीय भाषा शिकावी म्हणून तिथे दीर्घ मुदतीचे वर्ग चालतात. ही व्यवस्था मुख्यतः राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांभोवती उभी आहे. त्या अनुसूचीत आज 22 भाषा आहेत. 2003 मध्ये बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाली तिच्यात आल्या. गोंडी अजून बाहेर आहे. 2011 च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे 29 लाख लोक होते. इतक्या लोकांच्या भाषेचा, मोठ्या माणसाने नाव नोंदवून बसावं असा एकही वर्ग मला माझ्या वाटेवर सापडला नाही. माझ्या नोकरीच्या प्रशिक्षणात भाषेचा विषय निघाला, पण "मुलं हळूहळू मराठी शिकतात" एवढ्यावर तो संपला.

मग पुस्तकांकडे वळले. गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये गडचिरोलीत आलं. तिथल्या गोंडी बोलणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी मला पहिली नावं सांगितली. त्यांतलं एक नाव वाचून मी थबकले: सेतुमाधवराव पगडी. शिवकाळाचे इतिहासकार म्हणून पगडी मला ठाऊक होते. पण 1940 च्या दशकात निजामाच्या राज्यात अधिकारी असताना ते आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम करत होते. तिथे ते गोंडी आणि कोलामी शिकले आणि 1954 मध्ये त्यांचं गोंडीचं व्याकरण प्रसिद्ध झालं. त्या आदिलाबाद जिल्ह्यात 1956 पर्यंत आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातला राजुरा भागही होता. म्हणजे राजुरा, कोरपना, जिवतीच्या डोंगरातली गोंडी आणि पगडी शिकले ती गोंडी एकाच मुलखातली.

त्याच काळात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ आदिलाबादच्या मार्लवाई गावात राहून गोंडी शिकले. 1943 मध्ये तिथे गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करणारं केंद्र उभं राहिलं आणि मुलांसाठी गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत छापली गेली. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी, आमच्या सीमेला लागून, हे झालं होतं. ही माहिती मला मोठा आधार देऊन गेली. आपण काही अशक्य मागत नाही, हे त्यातून कळलं.

पुढे अण्णामलई विद्यापीठाने 1968 मध्ये प्रसिद्ध केलेलं पी. एस. सुब्रह्मण्यम यांचं गोंडीचं वर्णनात्मक व्याकरण चाळलं. नागपूरच्या मोतीरावण कंगाली यांच्या पुस्तकांची नावं मिळाली. गोंडी भाषा आणि संस्कृतीसाठी त्यांनी आयुष्य दिलं. वेगवेगळ्या राज्यांतल्या गोंडी भाषकांनी एकत्र बसून केलेला मानक गोंडी शब्दकोश 2018 मध्ये आला, त्याचीही माहिती झाली. लिपीचाही प्रश्न समोर आला. मध्य प्रदेशात मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918 च्या सुमारास तयार केलेली एक लिपी आहे, आदिलाबादेतल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतली दुसरी आहे. पण माझ्या आजूबाजूला जे लिहीत होते ते देवनागरीतच लिहीत होते, म्हणून मी तो प्रश्न बाजूला ठेवला.

पुस्तकांनी मला भाषेचा सांगाडा दिला. मराठीत तीन लिंगं, गोंडीत दोन. पुरुषासाठी 'वोर' आणि बाकी सगळ्यांसाठी, म्हणजे बाई, गाय, झाड, दगड यांच्यासाठी 'अद'. अनेकवचन बहुधा शेवटच्या 'क' ने किंवा 'ंग' ने होतं. हे कागदावर समजायला एक संध्याकाळ पुरते. पण गावात आजी बोलू लागली की त्या वेगात माझ्या हाती एक शब्दही लागत नसे. भाषा जिथे चालते तिथे राहिल्याशिवाय ती येणार नाही, हे मला तेव्हा पक्कं पटलं.

याच जिल्ह्यात याचं ठसठशीत उदाहरण आहे. 1973 मध्ये बाबा आमट्यांनी भामरागड तालुक्यात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले तेव्हा त्यांना माडिया, म्हणजे त्या भागातली गोंडी, येत नव्हती. कुठलाही वर्ग नव्हता. रोग्यांची दुखणी ऐकत, त्यांच्यात राहत ते माडिया शिकले. मला हे डोळ्यांसमोर ठेवायचं होतं. पण माझ्याकडे सबंध आयुष्य नव्हतं, नोकरी होती, मुलांची परीक्षा होती. मला थोड्या अवधीत, रोजच्या कामात बसेल अशी सोय हवी होती.

अशी सोय जगात कुठे आहे का, हेही वाचून पाहिलं. आयर्लंडमध्ये आयरिश भाषा बोलणारी गावं मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावर उरली आहेत. तिथे शहरातली मुलं उन्हाळ्यात जाऊन गावच्या घरांत राहतात, दिवसभर आयरिशच बोलतात आणि अशा विद्यार्थ्यांना ठेवून घेणाऱ्या घरांना सरकार अनुदान देतं. मोठ्या माणसांसाठीही व्यवस्था आहे. डोनेगल परगण्यात ग्लेन कोलमकिल या दुर्गम खोऱ्यात 1984 पासून एक संस्था प्रौढांसाठी असे वर्ग चालवते. सकाळी वर्ग, दुपारी डोंगर चढणं, विणकाम, नाच, सगळं त्याच भाषेत. आयरिशला तिथे राज्यघटनेने पहिली राजभाषा मानलं आहे, गोंडीच्या पाठीशी असं काही नाही. तरी त्या व्यवस्थेतली एक गोष्ट मी मनाशी धरली. ज्या घरात भाषा बोलली जाते ते घर म्हणजे शाळा, आणि त्या घराला त्याचा मोबदला मिळतो.

मी गावात परत येऊन हाच विचार मांडायचं ठरवलं. आमच्या भागात काहीही करायचं तर ग्रामसभेत बोलावं लागतं आणि ते योग्यच आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ग्रामसभेची ताकद साऱ्या देशाला दाखवली आहे. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये त्यांना 1809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्याच हाती आले. निर्णय घेण्याआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा, ही त्यांची रीत आजूबाजूच्या गावांतही माहीत आहे. आमच्या गावच्या सभेत मी सांगितलं, "मला तुमची भाषा शिकायची आहे. सुट्टीच्या दिवसांत मला एखाद्या घरी राहू द्या. जेवणाचे आणि शिकवण्याचे पैसे मी देईन."

पैशाची गोष्ट अनेकांना पटली नाही. पाहुण्याकडून पैसे कसे घ्यायचे, असं एका काकांनी विचारलं. मी म्हटलं, "काका, मी पाहुणी म्हणून येत नाही, विद्यार्थिनी म्हणून येते. तुम्ही शिकवणार, मग तुमच्या वेळेची किंमत नको का?" बरंच बोलणं झालं. शेवटी एका म्हाताऱ्या आजीने मला आपल्या घरी घ्यायचं कबूल केलं.

त्या घरी पहिल्याच रात्री मला नात्यात बसवलं गेलं. गोंड समाजात चार, पाच, सहा, सात देवांची कुळं असतात. आडनावावरून माणसाचे देव कळतात आणि त्यावरून कोण कोणाचा भाऊबंद, कोणाशी सोयरीक होते, कोणाची थट्टा करायची आणि कोणाचा आब राखायचा हे ठरतं. माझं आडनाव या हिशेबात कुठेच बसेना. आजीने तो प्रश्न स्वतः सोडवला. तिने मला नात केलं, आणि मग घरातल्या प्रत्येकाला मला काय म्हणायचं आणि मी त्यांना काय म्हणायचं हे आपोआप ठरलं. त्याआधी मी सगळ्यांसाठी 'मॅडम' होते आणि मॅडमशी मराठीतच बोलायचं असतं. नातीशी गोंडीत बोलता येतं. त्या एका ठरवण्याने जे साधलं ते कुठल्याही पाठ्यपुस्तकाने साधलं नसतं.

आमचा करार साधा होता. दिवे लागल्यानंतर घरात मराठी बंद. मला काही समजलं नाही तर हाताने दाखवायचं, पुन्हा सांगायचं, पण मराठीत सांगायचं नाही. हे पाळणं घरच्यांना माझ्याहून जड गेलं. आलेल्या माणसाची अडचण दिसली की त्याच्या भाषेत वळायचं, ही या लोकांची रीतच आहे. तरुण मुलं तर लगेच मराठीवर येत. काहींना आपली भाषा बाहेरच्या माणसापुढे बोलायला संकोच वाटे, कारण शाळेत, बाजारात, कचेरीत ती ऐकून घेणारं कोणी नसतं. माझ्यासारखी बाई ती शिकायला बसली आहे हे पाहून त्यांचा संकोच हळूहळू कमी झाला. मोठी माणसं घरात शिकतात तेव्हा घरातल्या तरुणांचा आपल्या भाषेकडे पाहण्याचा दृष्टिकोनही बदलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पहिले शब्द आले ते हुकमाचे. 'वा', 'हन', 'उद्दा', 'तिन'. ये, जा, बस, खा. घरातली लहान मुलं दिवसभर हेच ऐकत असतात आणि मीही त्यांच्याबरोबर तेच ऐकत होते. पाणी म्हणजे 'येर', विस्तव म्हणजे 'कीस', डोकं म्हणजे 'तला', पाय म्हणजे 'काल'. सकाळी नाचणी-तांदळाचा जावा पिताना, चुलीपाशी बसताना, हे शब्द वस्तूंना चिकटून आले, म्हणून टिकले. बोलताना वही मी बंदच ठेवली. रात्री एकटी असताना दिवसभराचं आठवून लिहायचे. समोर वही उघडली की बोलणारा माणूस सावध होतो आणि सावकाश, निवडून बोलू लागतो. मला तर त्यांचं रोजचं बोलणं हवं होतं.

खरी शाळा भरली ती मोहाच्या दिवसांत. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं रात्री गळतात आणि बायका उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. फुलं वेचताना हात कामात असतात आणि तोंड मोकळं असतं. कोणाच्या झाडाखाली किती पडली, कोणाचं लग्न ठरलं, अस्वल कुठे दिसलं, सगळं तिथे बोललं जातं. तेच विषय रोज थोड्या फरकाने येतात. नव्याने शिकणाऱ्याला हीच पुनरावृत्ती हवी असते. कालचं अर्धं समजलेलं वाक्य आज पुन्हा कानावर येतं आणि आज ते पूर्ण लागतं. मे महिन्यात तेंदूपत्ता आला. सत्तर पानांचा एक पुडा बांधत सगळं घर अंगणात बसतं. तेव्हा मला कळलं की सहा-सातपर्यंतचे आकडे लोक गोंडीत मोजतात आणि पुढे बहुतेक वेळा मराठीवर येतात. पावसाळ्यात रोवणी लागली. बांधीत पऱ्हे रोवताना बायकांच्या रांगेत उभं राहून मी जे ऐकलं त्यात हवामान, पाणी, माती, बैल यांचे इतके शब्द होते की पुस्तकातून ते गोळा करायला वर्षं गेली असती. आणि रात्री कधी रेला नाचाची गाणी लागली की त्यांची वारंवार येणारी ओळ घोळून घोळून जिभेवर बसायची.

एक अडचण सगळ्याच शिकणाऱ्यांना येते, ती सांगून ठेवते. गोंडी एक असली तरी गावागणिक वेगळी आहे. मिठाला कुठे 'सोवर' म्हणतात, कुठे 'होवर', तर माडिया भागात 'ओवर'. पाचाला कुठे 'सय्युंग', कुठे 'हय्युंग', कुठे 'अय्युंग'. हा फरक नियमाने होतो. शब्दाच्या सुरुवातीचा 'स' काही भागांत 'ह' होतो आणि आणखी पुढे गळून जातो. हे एकदा लक्षात आलं की भामरागडकडचा माणूस भेटला तरी घाबरायला होत नाही. पण सुरुवातीला एकाच गावाची भाषा धरावी, असं मी सगळ्यांना सांगते. दोन-तीन गावांची गोंडी एकदम शिकायला गेलं तर एकही नीट येत नाही.

वर्षभरात माझी गोंडी काही ओघवती झाली नाही. पण पहिलीच्या वर्गात फरक पडला. एका मुलीला मी बेरीज शिकवत होते. मराठीत विचारलं की ती मान खाली घालायची. मग मी तोच प्रश्न गोंडीत, टोपलीतल्या फुलांवर घातला. तिने लगेच उत्तर दिलं आणि उलट मलाच एक प्रश्न विचारला. तिला गणित येत होतं. ते दाखवायला तिला वाट मिळत नव्हती. त्यानंतर मी प्रत्येक नवा विषय आधी गोंडीत बोलून घेते आणि मग मराठीकडे नेते. मुलांचं मराठी त्याने मागे पडलं नाही, उलट लवकर सुधारलं, कारण आता मराठी शब्द कशाला जोडायचा हे त्यांना कळतं. पालकही शाळेत येऊन बसू लागले. आधी ते दाराशी उभे राहून "मॅडम, सही कुठे करू?" एवढंच विचारायचे.

याच तालुक्यात मोहगाव इथे ग्रामसभेने 2019 पासून स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा चालवली आहे. तिच्या मान्यतेचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. गावकऱ्यांनी हा मार्ग धरला, कारण त्यांना आपली मुलं आपल्या भाषेत शिकलेली हवी होती. त्यांच्या या इच्छेत मला शिक्षण हक्क कायद्याचाच अर्थ दिसतो. अशा शाळा वाढायच्या तर गोंडी भाषक तरुण-तरुणींना शिक्षक म्हणून नेमणं हे पहिलं काम आहे. पण बाहेरून येणारे कर्मचारी तोवर येतच राहणार, म्हणून त्यांनी भाषा शिकणं हेही तितकंच गरजेचं आहे.

त्यासाठी फार मोठी इमारत किंवा मोठा निधी लागत नाही. नव्याने नेमणूक झालेल्या शिक्षकाला, परिचारिकेला, वनरक्षकाला पहिल्या वर्षी सलग काही आठवडे एखाद्या गोंडी भाषक घरी राहायला पाठवता येईल. तो काळ मोहाच्या किंवा रोवणीच्या हंगामात धरावा, म्हणजे कामाबरोबर भाषा येईल. घर कोणतं, हे ग्रामसभेने ठरवावं. घराला राहण्या-जेवणाचे पैसे मिळावेत आणि शिकवण्याचं मानधन वेगळं मिळावं, तेही पूर्ण पगारी कामाच्या दराने. ज्या आजीने मला शिकवलं तिच्याइतकं गोंडीचं ज्ञान कुठल्याही पदवीधराकडे नाही. तिला 'साधनव्यक्ती' म्हणून नोंदवून चालणार नाही, शिक्षिका म्हणून नोंदवावं लागेल. व्याकरणाची ओळख करून द्यायला पगडी, सुब्रह्मण्यम यांची पुस्तकं आणि शब्दकोश आहेतच. त्यांचं सोपं मराठी रूप एखाद्या स्थानिक संस्थेने तयार केलं तर मोठी सोय होईल.

सरकारी योजना येईपर्यंत वाट पाहायची गरज नाही. ज्याला शिकायचं आहे त्याने आजही सुरुवात करावी. आपल्या नेमणुकीच्या गावची किंवा ओळखीच्या गावची ग्रामसभा गाठावी आणि मोकळेपणाने विचारावं. राहायला घर मिळेल तिथे आधी पैशाचं बोलून घ्यावं. रोज ठरावीक वेळ मराठी बंद ठेवावी. लहान मुलांबरोबर आणि म्हाताऱ्या माणसांबरोबर जास्त वेळ घालवावा, कारण मुलं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलतात आणि म्हातारे धीराने दुरुस्त करतात. रानात आणि शेतात कामाला जावं. एकाच गावाची भाषा धरून ठेवावी. आणि शिकलेलं परत द्यावं. मी आता गावातल्या बायकांना कचेरीचे अर्ज मराठीत भरायला शिकवते आणि त्या मला गोंडी शिकवतात. यंदाच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात नेमणूक झालेली एक परिचारिकाही आमच्या आजीच्या घरी राहायला येणार आहे. ग्रामसभेने तिचं नाव लिहून घेतलं आहे आणि आजीच्या मानधनाची रक्कमही ठरवली आहे.